वॉर्ड नंबर चारच्या बाजूची खोली

परळच्या केईएम रुग्णालयाची ओळख करून देताना तीन आकडे हमखास सांगितले जातात. खाटा १,८००, वर्षाला दाखल होणारे रुग्ण ८५ हजार, बाह्यरुग्ण विभागात येणारे १८ लाख. भागाकार केला की एका खाटेवर वर्षाला ४७ माणसं येऊन जातात. एकेकाच्या वाट्याला आठवडाभर, फार तर वर एखादा दिवस.

आता दुसरा हिशेब. २७ नोव्हेंबर १९७३ ते १८ मे २०१५, म्हणजे १५ हजारांहून जास्त दिवस, या रुग्णालयातली एक खाट एकाच बाईकडे होती: इथल्याच परिचारिका अरुणा शानबाग, ज्या एका हल्ल्यानंतर कायमच्या अंथरुणाला खिळल्या. वरच्याच वेगाने धरलं तर तेवढ्या काळात त्या खाटेवर दोन हजारांच्या आसपास रुग्ण येऊन गेले असते.

हा हिशेब क्रूर आहे, पण माझा नाही. १९८०च्या दशकात महापालिकेने तो खरोखर मांडला, तोही दोनदा. दोन्ही वेळा परिचारिकांनी तो हाणून पाडला. अरुणा शानबाग प्रकरणावर आजवर जे लिहिलं गेलं त्यातलं बहुतेक इच्छामरणाच्या अंगाने. इथे ते रुग्णालयाच्या अंगाने बघायचं आहे. जिथे खाट हीच सगळ्यात दुर्मीळ वस्तू, तिथे एक खाट चाळीस वर्षं बाजूला काढून ठेवण्याचा निर्णय घेतला कोणी, आणि कशाच्या जोरावर?

अट

केईएमचा स्वभाव त्याच्या जन्मातच आहे, म्हणून थोडं मागे जातो.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून होतं. तिथे हिंदी, म्हणजे भारतीय, मुलं शिकायची, पदकं मिळवायची, काही विलायतेहून मोठ्या पदव्याही घेऊन यायची. पण परत आल्यावर प्राध्यापकाची खुर्ची काही मिळायची नाही. मोठ्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांच्या, आणि ते बहुतेक गोरे. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीच्या विश्वस्तांनी नव्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी पैसा देऊ केला तो एका अटीवर: इथले प्राध्यापक आणि शिक्षक सगळे लायक, स्वतंत्र बाण्याचे हिंदी गृहस्थ असावेत, सरकारी नोकरीतले नसावेत. महाविद्यालय १९२५ साली सुरू झालं, आणि २२ जानेवारी १९२६ रोजी शेजारी रुग्णालय उघडलं.

गंमत म्हणजे अट अशी स्वदेशी आणि पाटीवर नाव इंग्लंडच्या सातव्या एडवर्डचं: किंग एडवर्ड मेमोरियल, म्हणजेच केईएम. इमारतीचा आराखडा जॉर्ज विटेटचा, ज्याने गेटवे ऑफ इंडिया बांधला त्याचाच. पहिले डीन डॉ. जीवराज मेहता. गांधीजींचे डॉक्टर आणि पुढे, १९६० साली, गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. १९४२ पर्यंत त्यांनी ही संस्था चालवली. (पुण्याच्या रास्ता पेठेतलं केईएम वेगळं. नावावरून दोन्हींची गल्लत अजून होते, म्हणून सांगून ठेवलं.)

अटीतला ‘गृहस्थ’ हा शब्द लक्षात ठेवा. ज्यांनी ती लिहिली त्यांच्या डोळ्यांसमोर बाई नव्हती. परिचारिका तर अजिबातच नव्हती.

दुसरी गोष्ट मालकीची. रुग्णालय महापालिकेचं आहे. सरकारी रुग्णालयाला मंत्रालय विचारतं, महापालिकेच्या रुग्णालयाला नगरसेवक विचारतो, आणि नगरसेवकाला चाळीतला माणूस रस्त्यात गाठून विचारतो. परळ, लालबाग, शिवडी, भोईवाडा हा सगळा गिरण्यांचा पट्टा. पाळीवरून सुटलेला कामगार हात मशिनीत गेला म्हणून जिथे धावायचा ते हे दार. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. मनोऱ्यांतली माणसं सहसा इकडे फिरकत नाहीत, पण तिथे झाडू मारणारी, लिफ्ट चालवणारी, पार्सल पोचवणारी माणसं येतात. दार तेच राहिलं.

आजूबाजूलाही सगळी दवाखान्यांचीच वस्ती. हाफकिन संस्था १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये. वाडियांचं प्रसूतिगृह १९२६चं, मुलांचं रुग्णालय १९२९चं, टाटा मेमोरियल १९४१चं. रात्रीच्या कोकणकन्येने पहाटे दादरला उतरलेला माणूस हातातली चिठ्ठी पुढे करून विचारतो, ‘टाटा की केईएम?’ आणि टॅक्सीवाला त्याच्या पिशवीतल्या एक्स-रेच्या पाकिटाकडे बघून बरोबर ओळखतो.

एक दिवस

सकाळी आठच्या आत केस पेपरच्या खिडकीपुढे रांग लागलेली असते. दहा रुपयांचा कागद. तो घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचा आणि ती पिशवी पुढची कित्येक वर्षं जपायची, कारण आपला आजार काय हे डॉक्टरांपेक्षा त्या पिशवीला जास्त माहीत असतं. रांगेत कोणाच्या हाताला सलाईनची सुई टोचून वर चिकटपट्टी मारलेली. कोणी म्हाताऱ्या आईला पायरीवर बसवून स्वतः उभा. बाकड्यावर जागा धरायला ठेवलेली पाण्याची बाटली, आणि ती हलवली म्हणून भांडण.

आत वॉर्डांचा कारभार युनिटांवर, म्हणजे डॉक्टरांच्या ठरलेल्या तुकड्यांवर, चालतो. प्रत्येक युनिटला आठवड्यातला इमर्जन्सीचा दिवस ठरलेला. त्या दिवशी चोवीस तासांत जो येईल तो त्या युनिटचा. सकाळी रजिस्ट्रार, म्हणजे युनिटातला निवासी डॉक्टर, राउंड घेताना कोणाला घरी सोडता येईल याकडेच डोळा ठेवून असतो. ‘बाबा, आज बरं वाटतंय ना?’ हा प्रश्न काळजीचा असतो तितकाच खाटेचाही असतो. संध्याकाळपर्यंत मोकळ्या केलेल्या खाटा भरतात. मग वॉर्डातले मामा, म्हणजे वॉर्डबॉय, दोन खाटांच्या मधे गादी टाकतात. पावसाळ्यात, मलेरिया-डेंग्यू-लेप्टोच्या दिवसांत, जिन्याजवळच्या मोकळ्या जागेतही टाकतात. खाट नाही म्हणून परत जा, असं म्हणायची या घराला सोय नाही. म्हणून खाटांचा अधिकृत आकडा काहीही असो, रात्री दोन वाजता तो आकडा गादीच्या जाडीइतका लवचीक झालेला असतो.

याच गर्दीत शिकवणं चालतं. खाटेभोवती दहा-बारा मुलं उभी, मधे लेक्चरर. हृदयात नीट ऐकू येणारी घरघर असलेला रुग्ण म्हणजे शिकणाऱ्यांची दिवाळी. वर्षानुवर्षं येणारे असे रुग्ण परीक्षेलाही बोलावले जातात आणि घाबरलेल्या मुलाला हळूच सांगतात, ‘माझा मायट्रल आहे हो.’ (हृदयाची मायट्रल नावाची झडप बिघडलेली.) खाट इथे उपचाराची जागा आहे तशीच फळाही आहे. दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, आणि केईएममध्ये तयार झालेल्या डॉक्टरचा हात पटकन बसतो असं जे म्हटलं जातं त्याचं सगळं श्रेय या गर्दीचं.

बाकी सेवांची यादी करायची तर ती लांब होईल: मेंदूच्या शस्त्रक्रियांपासून किडनीच्या आजारांपर्यंत बहुतेक सगळे विभाग, रक्तपेढी, मालाडच्या मालवणीतलं आरोग्य केंद्र, १९५५ पासून निघणारं अध्यापकांचं वैद्यकीय नियतकालिक, १९८९ पासूनचं आयुर्वेद संशोधन केंद्र. गरीब रुग्णांसाठीचा निधी मात्र वेगळा सांगायला हवा. स्टेंट, इम्प्लांट, महागडं औषध बाहेरून आणायची चिठ्ठी हातात पडली की नातेवाइकाचा चेहरा उतरतो. मग समाजसेवा विभागातला माणूस त्याला खुर्चीत बसवतो, रेशनकार्ड बघतो आणि ट्रस्टांच्या नावांची दुसरी चिठ्ठी हातात देतो. ही दुसरी चिठ्ठी नसती तर पहिलीला काही अर्थ उरला नसता.

प्रयोगाची खाट

खाटेवर आणखी एक हक्क सांगितला जातो, तो संशोधनाचा. केईएमने तोही मान्य केला.

केप टाऊनला ख्रिश्चन बार्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी जगातलं पहिलं हृदयरोपण केलं. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते केलं. भारतातलं पहिलं. रुग्ण काही तासांतच गेला. मेंदूमृत्यू म्हणजे मृत्यू, असं म्हणणारा कायदा तेव्हा देशात नव्हता. तो यायला १९९४ उजाडलं आणि त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये पहिलं यशस्वी हृदयरोपण झालं. १९६८ नंतर केईएममध्ये पुन्हा हृदय बसवलं गेलं ते २०२४च्या जुलैमध्ये, ५६ वर्षांनी.

सेन हे विलक्षण डोक्याचे गृहस्थ. सापासारख्या प्राण्यांच्या हृदयाच्या स्नायूला रक्त थेट आतल्या पोकळीतून मिळतं, हे पाहून १९६५च्या सुमारास त्यांनी माणसाच्या आजारी हृदयाच्या स्नायूला सुईने भोकं पाडून रक्त पोचवता येईल का, हे करून बघितलं. पुढे जगात लेसरने हेच करायचे प्रयत्न झाले. अशा सगळ्या धाडसांची तालीम आधी जनावरांवर व्हायची. केईएममध्ये ती कुत्र्यांवर व्हायची. ही प्रयोगशाळा लक्षात ठेवा, तिच्याकडे लगेच परत यायचं आहे.

दुसरा प्रयोग १९८६चा. ६ ऑगस्टला डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून केईएममध्ये टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं. प्रयोगशाळेची बाजू सांभाळली डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रजनन संशोधन संस्थेने, जी परळमध्येच, हाकेच्या अंतरावर आहे. भारतातलं पहिलं म्हणून या बाळाचं नाव झालं. खरं तर कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींनी १९७८ सालीच ते करून दाखवलं होतं, पण त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही आणि त्यांनी जीव दिला. त्यांची कागदपत्रं वाचून पहिला मान त्यांचाच, असं जाहीर सांगणारे पुढे हेच आनंदकुमार. स्वतःच्या नावापुढचा ‘पहिला’ स्वतःच्या हाताने खोडणारा शास्त्रज्ञ विरळा.

तळघर

आता मूळ प्रकरण.

अरुणा शानबाग उत्तर कानड्यातल्या हळदीपूरच्या. वयाची पंचविशी. केईएममध्ये परिचारिका, नेमणूक त्या कुत्र्यांच्या प्रयोगशाळेत. तिथल्या एका सफाई कामगाराशी कामावरून खटके उडाले होते. २७ नोव्हेंबर १९७३च्या संध्याकाळी ड्युटी संपल्यावर त्या तळघरात कपडे बदलत असताना त्याने कुत्र्याची साखळी त्यांच्या गळ्याभोवती आवळली आणि अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सापडल्या. मेंदूला रक्त पोचलं नव्हतं. दृष्टी गेली, बोलणं गेलं, हातपाय गेले. श्वास राहिला.

हल्लेखोराला खुनाचा प्रयत्न आणि चोरी यासाठी सात वर्षांची शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही.

परिचारिकांनी तेव्हा संप केला. मागण्या दोन: अरुणाची नीट व्यवस्था करा आणि आम्हाला सुरक्षित जागा द्या. पुढे जे चाळीस वर्षं चाललं त्याचं कौतुक करताना सगळे सेवाभावापासून सुरुवात करतात. मला वाटतं सुरुवात या संपापासून करायला हवी. रुग्णालयाने आपल्या बाईला कपडे बदलायला धड खोली दिली नाही, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी पुढे तिला खोली मिळवून दिली. त्यात दया आहे, पण वसुली जास्त आहे.

दोनदा

ती खोली म्हणजे वॉर्ड नंबर चारला लागून असलेली छोटी खोली. सात वर्षं झाली तरी रुग्ण बरा होण्याचं चिन्ह नाही, मरण्याचंही नाही. पालिकेने ठरवलं की त्यांना दुसरीकडे हलवावं आणि खाट मोकळी करावी. प्रशासनाच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं तर यात राक्षसी काही नाही. तीव्र आजारांच्या रुग्णालयात दीर्घ आजाराचा रुग्ण ठेवू नये, हे व्यवस्थापनाच्या पहिल्या धड्यात शिकवतात. जमिनीवर माणसं झोपलेली असताना एक खोली कायमची अडवायची, याचं समर्थन कुठल्याही तक्त्यात बसत नाही.

परिचारिका आंदोलनाला उठल्या. बेत मागे घेतला गेला. पुन्हा प्रयत्न झाला, पुन्हा तेच. त्यानंतर कोणी नाव काढलं नाही.

त्यांच्याकडे अधिकार काय होता? कागदावर शून्य. रुग्ण ठेवायचा की सोडायचा हे डॉक्टर ठरवतो, खाटांचं धोरण अधिष्ठाता (डीन) आणि पालिका ठरवते. परिचारिकेच्या हातात फक्त एक गोष्ट होती: ते काम त्या करत होत्या, आणि दुसरं कोणी केलं नसतं.

ते काम म्हणजे काय, हे जवळून बघितल्याशिवाय या निर्णयाचं वजन कळत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. दोघी लागतात. एक पलीकडून ड्रॉ शीट, म्हणजे अंगाखालची आडवी चादर, धरते, दुसरी खांदा आणि कंबर. गुडघ्यांच्या मधे उशी, टाचेखाली हवा खेळायला मोकळी जागा. चादरीची सुरकुती हाताने ओढून काढायची, कारण सुरकुतीच कातडी कापते. खालचं मॅकिन्टॉश, म्हणजे रबरी कापड, ओलं असेल तर ते काढून, पुसून, पाठ कोरडी करून मग पुन्हा सगळं. माकडहाडावर, टाचांवर, खांद्याच्या फऱ्यावर लाली दिसते का, ते रोज बघायचं. आज दिसलेली लाली दुर्लक्षिली तर परवा तिथे जखम असते, आणि तेरवा हाड. हे सकाळच्या पाळीने केलं, संध्याकाळच्या पाळीला ओव्हर दिली, म्हणजे काम समजावून सोपवलं, तिने रात्रीच्या पाळीला दिली. एवढं होऊन कोणाला दिसत काहीच नाही. काम चोख झालं याचा पुरावा एकच: पाठीवर काही नाही.

सर्वोच्च न्यायालयापुढे रुग्णालयाच्या डीननी प्रतिज्ञापत्रात सांगितलं की, इतक्या वर्षांत अरुणाला एकही शय्याव्रण, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, झालेला नाही. वर्षं होती छत्तीस. त्यातली जी वर्षं तोंडाने भरवण्याची, त्यांत भाताची पेज चमच्याने, घास गिळला याची खात्री करत. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया, म्हणून घाई चालत नाही. शी-शू लागली की अरुणा विशिष्ट आवाज करायच्या आणि सिस्टरना तो कळायचा. २०१०च्या सप्टेंबरात मलेरिया झाला, तेव्हापासून नाकातून पोटात अन्न पोचवणाऱ्या रायल्स ट्यूबवर आल्या.

आणि हे करणाऱ्यांपैकी बहुतेकींनी अरुणाला कधी चालताना-बोलताना पाहिलंच नव्हतं. तिच्या बॅचच्या बायका निवृत्त झाल्या. नर्सिंगच्या मुलींची नवी तुकडी आली की त्यांना त्या खोलीत नेऊन सांगितलं जायचं: ही आपल्यातली होती, आपल्यातलीच आहे. म्हणजे एका अर्थी ती खाटही फळाच झाली होती. फक्त इथे शिकवणारे प्राध्यापक नव्हते.

कोणी बोलायचं

पत्रकार पिंकी विराणी यांनी २००९ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला: अरुणाला अन्न देणं थांबवून शांतपणे जाऊ द्यावं. न्यायालयाने टाटा, हिंदुजा आणि सायन रुग्णालयांतले तीन डॉक्टर तपासणीसाठी पाठवले. ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. निष्क्रिय इच्छामरणाला, म्हणजे जगवणारे उपचार थांबवून मरण येऊ देण्याला, उच्च न्यायालयाच्या परवानगीने दार किलकिलं झालं. अरुणासाठी मात्र ते उघडलं नाही.

त्या निकालातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आला नाही. न्यायालयाने विचारलं, हिच्या वतीने बोलण्याचा हक्क कोणाचा? नातलग मागे नव्हते. विराणींनी तिच्यावर पुस्तक लिहिलं होतं, तिची कहाणी देशाला त्यांनीच सांगितली होती. तरी न्यायालय म्हणालं, हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा; उद्या त्यांचं मत बदललं तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जावं. रात्रंदिवस सांभाळणं हेच नातं धरलं गेलं. निकालानंतर परिचारिकांनी मिठाई वाटली.

यात मला पूर्ण समाधान वाटतं असं नाही. सांभाळणाऱ्याचं प्रेम आणि सांभाळल्या जाणाऱ्याचं हित एकच असतं का, हा विराणींचा प्रश्न खोटा नव्हता. जिचा आवाजच गेला तिला काय हवं होतं, हे आवाज ओळखणाऱ्या सिस्टरनाही सांगता आलं नसतं. शिवाय भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. रात्रपाळीला सार्वजनिक रुग्णालयाच्या कुठल्याही वॉर्डात डोकावलं तर हा निकष हसू आणतो. अरुणाची दर दोन तासांची कूस कोणाच्या वाट्याच्या वेळातून निघाली, हे कोणी मोजलं नाही. ती वेळ बहुधा त्या बायकांनी स्वतःच्या चहाच्या आणि जेवणाच्या सुट्टीतून काढली असणार.

तुलनेसाठी याच रुग्णालयाचा एक उलटा दिवस सांगतो. २९ सप्टेंबर २०१७, खंडेनवमी. सकाळी पाऊस कोसळत होता आणि परळ-एल्फिन्स्टन रोड स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली. २३ माणसं गेली. जखमी आणि मृत, सगळे केईएममध्ये आले. स्थानकावरून चालत येण्याइतकंच अंतर. रक्ताची मागणी शहरभर फिरली आणि दाते आले. शवागारात मात्र ओळख पटवण्यासाठी मृतांच्या कपाळावर आकडे लिहिले गेले आणि त्यांचे फोटो पडद्यावर लावले गेले. नातेवाइकांना एकेका मृतदेहापुढून नेण्यापेक्षा हे बरं, असं त्यामागचं शास्त्र. शहर संतापलं. शास्त्र चुकीचं नव्हतं, तरी संताप बरोबर होता. एका खोलीत एका बाईचा आवाज ओळखायला चाळीस वर्षं दिली गेली, आणि दोन वर्षांनी त्याच आवारात माणसाची ओळख मार्करच्या आकड्यावर आली. दोन्ही केईएमच. वेळ आणि हात किती उपलब्ध आहेत, एवढाच फरक.

आज घडलं असतं तर

९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता उपचार थांबवायचे की नाही हे रुग्णालयातलं प्राथमिक मंडळ ठरवतं आणि दुसरं मंडळ ते तपासतं. पहिल्यात उपचार करणारा डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ. शानबाग प्रकरणाने ज्या प्रश्नाला तोंड फोडलं त्याच्या उत्तरात परिचारिकेला खुर्ची नाही. ‘लायक हिंदी गृहस्थ’ या अटीला आता शंभर वर्षं होऊन गेली.

तळघराचा प्रश्नही संपलेला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीच्या डॉक्टर मुलीचा बळी गेला, तेव्हा मुंबईतले निवासी डॉक्टर संपावर गेले आणि सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावणीत अरुणा शानबागचं नाव पुन्हा घेतलं गेलं. मागणी तीच होती जी १९७३ च्या संपात होती: ड्युटीवरच्या बाईला टेकायला, कपडे बदलायला, कडी लागेल अशी खोली द्या.

१८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा शानबाग गेल्या. इतकी वर्षं न दिसलेले नातेवाईक अंत्यसंस्कारासाठी आले तेव्हा परिचारिकांचा पारा चढला. त्यांचं म्हणणं, घरचे आम्ही. थोडी बाचाबाची, मग तडजोड. भोईवाड्याच्या स्मशानात अग्नी दिला तो भाच्याने आणि रुग्णालयाचे डीन डॉ. अविनाश सुपे यांनी मिळून.